सरकलेला चिमटा आणि वाकलेला पाईप

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ म्हणून ओळखला जातो. मुख्य रस्ता सोडून गावाकडे वळले की खाली काळी माती लागते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर अंथरलेला डांबराचा थर दरवर्षी कुठे ना कुठे उखडतो. त्यात उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात. अशा रस्त्यावर मोटरसायकल घसरणे ही काही दुर्मिळ घटना नाही. पडलेला माणूस उठतो, कपडे झटकतो, गाडी उभी करतो आणि निघताना त्याच्या लक्षात येते की चाक सरळ धरले तर हँडल एका बाजूला पाहते.

पुढच्या चौकातल्या गॅरेजमध्ये दोनपैकी एक गोष्ट घडते. कधी मेकॅनिक चार बोल्ट सैल करतो, पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरतो, हँडलला एक झटका देतो आणि बोल्ट पुन्हा आवळतो. दहा मिनिटांत काम झाले! कधी मात्र तो मान हलवतो आणि म्हणतो, "पाईप वाकलाय, काढून प्रेसवर सरळ करून आणावा लागेल." संध्याकाळी तीही गाडी तयार होते. दोन्ही गाड्या रस्त्यावर शेजारी उभ्या केल्या तर सारख्याच सरळ दिसतात.

पण त्या सारख्या आहेत का? पहिली गाडी खरोखरच पूर्ववत झालेली आहे. दुसरी फक्त पूर्वीसारखी दिसते. हा फरक कशामुळे पडतो, ते या लेखात पाहू या. नववी-दहावीच्या वर्गात स्थितिस्थापकता, घर्षण आणि तरफ शिकवताना याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण आहे. शिवाय आपले अनेक विद्यार्थी पुढे आयटीआयला जातात, गॅरेजमध्ये काम करतात, आणि त्यांहून किती तरी अधिक रोज मोटरसायकलवर बसतात.

पुढच्या भागाची रचना

सायकलच्या पुढच्या चाकाला धरणाऱ्या भागाला आपण चिमटा म्हणतो. सायकलचा चिमटा एकसंध असतो, मोटरसायकलचा मात्र जोडून बनवलेला असतो. चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी असते. तिचा खालचा भाग जाड असतो आणि त्यात वरून एक चकचकीत पोलादी पाईप आत-बाहेर सरकतो. आत स्प्रिंग आणि तेल असते. यालाच गॅरेजच्या भाषेत शॉकअप म्हणतात. दोन्ही पाईप वर जाऊन दोन आडव्या पट्ट्यांच्या भोकांत बसतात. खालच्या पट्टीच्या मध्यातून एक उभा दांडा निघतो, म्हणून तिला 'टी' म्हणतात. हा दांडा चेसीच्या पुढच्या नळीत, म्हणजे हेडपाईपमध्ये, वर-खाली बसवलेल्या छऱ्यांवर फिरतो. वरच्या पट्टीवर दोन पकडींमध्ये हँडल आवळलेले असते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या सगळ्या जोडणीत वेल्डिंग जवळजवळ कुठेच नाही. पाईप पट्टीत धरून ठेवतो तो आवळलेला बोल्ट. बोल्टमुळे पट्टीचे भोक पाईपला दाबते, आणि त्या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण पाईपला जागेवर ठेवते. हँडलही असेच घर्षणाने धरलेले असते. म्हणजे गाडीचा पुढचा भाग घर्षणाच्या भरवशावर एकत्र उभा आहे.

पहिला प्रकार : सरकणे

गाडी आडवी पडते तेव्हा हँडलचे टोक जमिनीवर आपटते किंवा चाक दगडाला अडते. हँडल एकीकडे आणि चाक दुसरीकडे असा पीळ पडतो. हा पीळ घर्षणाच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त झाला की पाईप पट्टीच्या भोकात किंचित फिरतात. एक पाईप केसभर पुढे, दुसरा केसभर मागे होतो. दोन्ही पाईप एकमेकांना समांतर राहत नाहीत. धक्का संपतो, पण घर्षण आता त्यांना या नव्या, वाकड्या जागी धरून ठेवते.

इथे गंमत अशी की पाईप स्वतः वाकलेले नसतात. ते थोडे पिळलेले, थोडे ताणलेले असतात आणि सरळ होऊ पाहतात, पण बोल्टची पकड त्यांना सुटू देत नाही. खिडकीच्या चौकटीत तिरकी अडकवलेली वेताची छडी जशी सोडवल्याबरोबर सरळ होते, तसे बोल्ट सैल होताच पाईप आपणहून सरळ होऊ लागतात. मेकॅनिकच्या झटक्याचे काम फक्त उरलेले घर्षण मोडण्याचे असते.

दुरुस्तीची नीट पद्धतही यातूनच कळते. आधी नुसते हँडलच त्याच्या पकडीत फिरले आहे का ते पाहावे. नसेल तर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन इंजिनखाली आधार द्यावा. मग एक्सलचा नट, मडगार्डचे बोल्ट आणि पट्ट्यांचे बोल्ट सैल करावेत. वरचे आणि खालचे सगळे बोल्ट आधाराशिवाय एकदम सैल केले तर गाडीचे नाक पाईपवरून खाली घसरते, म्हणून आधार महत्त्वाचा. चाक व हँडल एका रेषेत आणावे आणि खालच्या पट्टीचे बोल्ट थोडे आवळून घ्यावेत. मग गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक दाबून हँडलवर चार-पाच वेळा जोर द्यावा, म्हणजे शॉकअप वर-खाली होऊन दोन्ही पाईप आपोआप समांतर बसतात. शेवटी सगळे बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावेत. घाईत मडगार्ड आणि एक्सल सैल न करताच झटका दिला तर हँडल सरळ दिसते, पण खाली पाईपांमधला ताण तसाच अडकून राहतो. मग शॉकअप अडखळत चालतो आणि तेलाचे सील लवकर झिजते.

घर्षणाने अडवलेला ताण ही कल्पना लातूर जिल्ह्यातल्या शिक्षकांना वेगळ्या, दुःखद संदर्भात परिचित आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे ६.२ महत्तेचा भूकंप झाला आणि सुमारे १०,००० माणसे दगावली. खडक हाही स्थितिस्थापक पदार्थ आहे. भूपट्टावर पडणाऱ्या दाबाने तो फार सावकाश दबत, वाकत जातो. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींवरून सरकायचे असते, पण घर्षण त्यांना अडवते. ताण घर्षणापेक्षा मोठा झाला की काही सेकंदांत खडक सरकतो आणि साठलेली ऊर्जा बाहेर पडते. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६ सालच्या भूकंपाचा अभ्यास करून हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० मध्ये हे स्पष्टीकरण मांडले. भूगर्भात सरकल्यामुळे ताण सुटतो, चिमट्यात सरकल्यानंतर थोडा ताण अडकून राहतो. परंतु दोन्हीकडे ताण आणि सुटका यांच्या मध्ये उभे असते ते घर्षणच.

दुसरा प्रकार : वाकणे

आता कठीण प्रकाराकडे वळू. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये स्प्रिंगविषयीचा आपला नियम प्रसिद्ध केला : जितके बल, तितकी लांबीतील वाढ. बल काढले की वस्तू मूळ लांबीवर येते. पण हा नियम एका मर्यादेपर्यंतच लागू पडतो. पोलादाच्या बाबतीत ही मर्यादा फार लवकर येते.

साध्या पोलादाची सळई घेतली तर तिच्या दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन बल लावेपर्यंत ती परत येते. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक त्याच एककात सुमारे २,००,००० आहे. २५० ला २,००,००० ने भागले की ०.००१२५ येते. म्हणजे एक मीटर लांबीची सळई जेमतेम सव्वा मिलिमीटर ताणली जाईपर्यंतच मूळ लांबीवर परत येते. त्यापुढचे ताणणे कायमचे! रबर मूळ लांबीच्या कित्येक पट ताणले तरी परत येते. पोलाद ताकदवान आहे, पण परत येण्याची त्याची सीमा अरुंद आहे.

हेच गणित हँडलला लावू. हँडलच्या पाईपचा व्यास साधारणतः २२ मिलिमीटर असतो. पाईप वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि मधोमध लांबी तशीच राहते. बाहेरच्या बाजूचे ताणले जाणे म्हणजे पाईपची त्रिज्या भागिले ज्या वर्तुळात तो वाकला त्याची त्रिज्या. पाईपची त्रिज्या ११ मिलिमीटर. तिला ०.००१२५ ने भागले की ८,८०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ९ मीटर येते. पाईप साध्या पोलादाचा असेल तर ९ मीटर त्रिज्येच्या वर्तुळापेक्षा लहान वर्तुळात वाकताच तो कायमचा वाकला असे समजावे.

शाळेच्या मैदानावर दोरी आणि फक्कीने ९ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून पाहावे. त्याचा ७० सेंटिमीटरचा तुकडा हा हँडलच्या रुंदीएवढा. त्या तुकड्याच्या दोन टोकांना सरळ पट्टी लावली तर मध्ये जेमतेम ७ मिलिमीटरचे अंतर दिसते. एवढासा बाक पोलादाची मर्यादा गाठतो, हे पाहून विद्यार्थ्यांना नवल वाटते. शॉकअपच्या पाईपचे पोलाद याहून बरेच मजबूत असते, त्यामुळे त्याची मर्यादा थोडी पुढे असते. पण तत्त्व तेच.

धडकेत बल किती मोठे असते? गाडी व चालक मिळून १८० किलोग्रॅम आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर धरू. गतिज ऊर्जा ९,००० ज्यूल भरते. हीच गाडी चालकासह ५ मीटर उंचीवरून खाली टाकली तर तिच्याजवळ एवढीच ऊर्जा असेल. चाक दगडावर आदळले की यातला मोठा वाटा चिमट्याला झेलावा लागतो. जमिनीत घट्ट रोवलेली काठी टोकाला धरून ओढली तर ती जमिनीलगत मोडते, कारण तिथे तरफ सर्वांत लांब पडते. चिमट्यात जमिनीची जागा खालच्या 'टी'ने घेतलेली आहे. म्हणून समोरून धडक बसली की पाईप बहुतेक वेळा खालच्या टीच्या लगेच खाली वाकतो. तपासायचे असेल तर नजर तिथे आधी जायला हवी.

धातूच्या आत काय होते?

पोलादात अणू ओळीने, थराथराने रचलेले असतात. मर्यादेच्या आत ताण दिला तर अणूंमधले अंतर किंचित वाढते व ताण काढल्यावर पूर्ववत होते. मर्यादा ओलांडली की थर एकमेकांवरून घसरतात आणि नव्या जागी बसतात.

परंतु पूर्ण थर एकदम घसरवायला लागणारे बल मोजले तर ते प्रत्यक्षात लागणाऱ्या बलाच्या शेकडो पट, शुद्ध मऊ स्फटिकांत तर हजारो पट येते. हे कोडे १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे सोडवले. मोठी सतरंजी हातभर सरकवायची असेल तर आपण ती सगळी एकदम ओढत नाही. एका टोकाला सुरकुती पाडतो आणि ती सुरकुती ढकलत दुसऱ्या टोकाला नेतो. धातूच्या स्फटिकांतही अशा 'सुरकुत्या' असतात. त्यांना स्थानभ्रंश म्हणतात. त्या सरकतात म्हणून धातू कमी बलाने वाकतो.

वाकताना नव्या सुरकुत्या तयार होतात, त्यांची गर्दी होते आणि त्या एकमेकींना अडवू लागतात. म्हणून वाकलेली जागा आधीपेक्षा कठीण होते. तांबट हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. हातोडीखाली तांब्याचा पत्रा हळूहळू ताठर होत जातो, मग ते तो भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतात आणि पुढचे ठोके घालतात. ठोकणे चालूच ठेवले तर पत्रा फाटतो.

हे वर्गात करून पाहावे. दोन-तीन मिलिमीटर जाडीची तांब्याची तार चुलीत लाल करून थंड होऊ द्यावी. ती मऊ पडते. मग मधोमध काटकोनात वाकवावी आणि नुसत्या हातांनी सरळ करायला सांगावे. तार पहिल्यासारखी सरळ होत नाही. मूळ बाकाच्या जागी एक उंचवटा राहतो आणि दोन्ही बाजूंना नवे, उलटे बाक पडतात. कारण उघड आहे. मधली जागा कठीण झाली, शेजारची मऊच राहिली, आणि बलाने आपला मार्ग मऊ जागेतून काढला. पाईपच्या बाबतीत प्रेसवर नेमके हेच होण्याचा धोका असतो.

सरळ केलेला पाईप नव्यासारखा का नसतो?

याची कारणे एकाहून अधिक आहेत.

पहिले कारण परत येण्याचे. पाईप सरळ करणारा कारागीर तो सरळ होईपर्यंतच दाबत नाही, थोडा पलीकडे दाबून सोडतो, मग पाईप थोडा मागे येऊन सरळ राहतो. हे त्याचे कौशल्य खरेच वाखाणण्यासारखे. पण पाईपच्या बाहेरच्या भागाला एका आकाराकडे आणि आतल्या भागाला दुसऱ्या आकाराकडे जायचे असते. दोघे एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून पाईप बाहेरून शांत दिसतो. आत मात्र ताण शिल्लक असतो.

दुसरे कारण योहान बाउशिंगर या जर्मन अभियंत्याने १८८० च्या दशकात म्युनिकमध्ये दाखवून दिले. धातू एका दिशेने मर्यादेपलीकडे ताणला, तर उलट्या दिशेने तो आधीपेक्षा कमी बलाला नमतो. म्हणजे एकदा वाकवून सरळ केलेला पाईप एका बाजूने कठीण, तर दुसऱ्या बाजूने दुबळा असू शकतो.

तिसरे कारण थकव्याचे. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वे इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. धडधाकट दिसणारे आस मोडतात कसे, याचा पुढे प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून अभ्यास केला. एका धक्क्याने न मोडणारा धातू लहान लहान धक्के असंख्य वेळा खाऊन मोडतो, हे त्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. कागदाच्या पिना घेऊन मुलांना हे मोजता येईल. एक गट पीन प्रत्येक वेळी ९० अंशांत वाकवील, दुसरा ४५ अंशांत, तिसरा ३० अंशांत. मोडेपर्यंत किती वेळा वाकवावी लागली त्याचा आलेख काढावा. कोन कमी केला की आकडा झपाट्याने वाढतो. आता असे समजा की एक पीन आधीच दोनदा पूर्ण वाकवून सरळ केलेली आहे. तिच्या वाट्याचे काही आयुष्य खर्च झालेले आहे, पण ते डोळ्यांना दिसत नाही. सरळ केलेला पाईप अशा पिनेसारखा असतो, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा म्हणजे एक वाकवणे.

चौथे कारण पृष्ठभागाचे. शॉकअपच्या पाईपवर क्रोमियमचा कठीण, गुळगुळीत थर असतो. जे कठीण असते ते बहुधा ठिसूळही असते. पाईप वाकला की या थराला बारीक तडे जातात. तिथून गंज शिरतो, सील कापले जाते, तेल गळू लागते. शिवाय तडा म्हणजे थकव्याला सुरुवात करायला मिळालेली आयती जागा.

मग तांबटासारखे तापवून मऊ का करू नये? कारण पाईपची ताकद त्याच्या पोलादावर कारखान्यात केलेल्या प्रक्रियेतून येते. गॅसच्या ज्योतीने तो लाल केला की ती ताकद तिथल्या तिथे जाते. हातात राहतो तो सहज वाकणारा पाईप, आणि वर जळलेला क्रोम. ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांची, म्हणजे काही गाड्यांच्या वरच्या पट्टीची किंवा ब्रेकच्या लिव्हरची, गोष्ट आणखी वेगळी. ते पोलादाइतके वाकत नाहीत. सरळ करताना त्यांत बारीक भेग पडते आणि पुढे कधी तरी ते पूर्वसूचना न देता तुटतात.

याच कारणांमुळे बहुतेक कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका वाकलेला पाईप सरळ करू नका, बदला, असे सांगतात. दुकानात माल खपवण्याची ही युक्ती आहे असे अनेकांना वाटते. वरची चार कारणे पाहिली तर या सूचनेमागे पदार्थविज्ञान आहे हे पटावे.

सरकले की वाकले, हे ओळखावे कसे?

यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत.

साध्या काचेचा एक सपाट तुकडा दोन्ही पाईपांवर समोरून आडवा टेकवावा. पाईप एका प्रतलात असतील तर काच चारही ठिकाणी टेकते. पीळ असेल तर ती तीनच ठिकाणी टेकते आणि डगमगते. तीन बिंदूंतून नेहमी एक प्रतल जाते, चौथा बिंदू मात्र परीक्षा घेतो. चार पायांचे टेबल डगमगते आणि तिपाई डगमगत नाही, त्याचे कारणही हेच. बोल्ट सैल करून पाईप नीट बसवल्यावर काच स्थिर झाली तर दोष सरकण्याचा होता.

तरीही डगमगत असेल तर पाईप काढून त्याच काचेवर घरंगळवावा. सरळ पाईप शांतपणे घरंगळतो. वाकलेला पाईप थबकतो, उसळतो आणि त्याच्याखालून प्रकाशाची फट दिसते. लेथच्या कारखान्यात हेच काम अधिक बारकाईने होते. पाईप दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून मध्ये डायल गेजचा काटा टेकवतात आणि पाईप फिरवतात. बाक एकदा वर येतो, एकदा खाली जातो, म्हणून काट्याची एकूण हालचाल बाकाच्या दुप्पट असते. हे दुप्पटपण विसरले की निर्णय चुकतो. अनेक पुस्तिकांत बाकाची मर्यादा ०.२ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते, म्हणजे काटा ०.४ पेक्षा जास्त हलता कामा नये.

तिसरी चाचणी दोरीची. मागच्या चाकाच्या टायरला दोन्ही बाजूंनी ताणलेली दोरी लावून ती पुढच्या चाकापर्यंत न्यावी. पुढचे चाक दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मध्ये यायला हवे. पाईप सरळ असूनही चाक एका बाजूला येत असेल तर टी किंवा चेसीच वाकलेली असू शकते.

दोन सेंटिमीटरने काय बिघडते?

"थोडा बाक आहे, पण गाडी चालते की!" असे म्हणणारे बरेच भेटतात. गाडी चालते हे खरे, पण ती कशी चालते ते पाहायला हवे.

हेडपाईप मागे कललेला असतो. त्याची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे मिळते. या अंतराला ट्रेल म्हणतात. नेहमीच्या मोटरसायकलमध्ये ते साधारण ८ ते १० सेंटिमीटर असते. दवाखान्यातल्या ढकलगाडीची चाके जशी आपोआप ओढण्याच्या दिशेने वळतात, तसे ट्रेलमुळे पुढचे चाक प्रवासाच्या दिशेला येऊ पाहते. डेव्हिड जोन्स यांनी मुद्दाम चालवताच येणार नाही अशी सायकल बनवण्याचे प्रयोग केले आणि १९७० मध्ये ट्रेलचे महत्त्व दाखवले. २०११ मध्ये नेदरलँड्स व अमेरिकेतील संशोधकांनी ट्रेल आणि चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम हे दोन्ही काढून टाकलेली सायकलही स्वतःचा तोल सांभाळू शकते हे सिद्ध केले. म्हणजे तोलाचे श्रेय एकट्या ट्रेलला देता येत नाही. तरीही एखादी गाडी ज्या ट्रेलसाठी बनवली आहे तो बदलला की तिची चाल बदलते, यात शंका नाही.

नुसते पाईप मागे वाकले तर चाक मागे सरकते आणि ट्रेल वाढतो, हँडल जड लागते. धडकेने हेडपाईपच उभट झाला तर ट्रेल घटतो, हँडल चंचल होते आणि वेगात थरथरू लागते. ८ ते १० सेंटिमीटरांत एक-दोन सेंटिमीटरांचा फरक म्हणजे किती टक्के, हे विद्यार्थ्यांनीच काढावे. आलेखाच्या कागदावर चाक, हेडपाईपची रेषा आणि जमीन काढून हा सगळा बदल प्रमाणात मोजता येतो. भूमितीचा एक उत्तम तास होतो.

निर्णय कसा घ्यावा?

वरील सगळ्या विवेचनाचे सार असे. हँडल पकडीत फिरले असेल किंवा पाईप पट्टीत सरकले असतील, तर बोल्ट सैल करून नीट बसवावे. ही दुरुस्ती पूर्ण आहे, तिच्यात मनात शंका ठेवायचे कारण नाही. पोलादी हँडल वाकले असेल तर ते बदलावे, विशेषतः बाक पकडीजवळ असेल तर, कारण रोजचा ताण तिथेच सर्वांत जास्त पडतो. शॉकअपचा पाईप मर्यादेपलीकडे वाकला असेल तर तो बदलावा. वापरलेला पाईप घ्यायचा झाला तर काचेवर घरंगळवून, क्रोमवर नख फिरवून मगच घ्यावा. ॲल्युमिनियमचा वाकलेला भाग सरळ करून घेऊ नये. तापवून सरळ करण्याचा प्रस्ताव आला तर नम्रपणे नको म्हणावे.

यात मेकॅनिकला दोष देण्याचा हेतू नाही. बऱ्याचदा गिऱ्हाईकच म्हणते, "आता सरळ करून द्या, पुढच्या महिन्यात बदलू." हंगाम चांगला नसेल तर असे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण मग तो पुढचा महिना खरोखर पुढचा महिनाच असावा. तोवर वेग कमी ठेवावा आणि मागे कोणाला बसवू नये. दर आठवड्याला खालच्या टीखालची जागा पुसून पाहावी. तिथे तेलाचा ओघळ किंवा केसासारखी रेघ दिसली तर गाडी तिथेच थांबवावी.

विद्यार्थ्यांना या धड्यानंतर एक काम द्यावे. गावातल्या गॅरेजमध्ये जाऊन, मेकॅनिककाकांची परवानगी घेऊन, त्यांनी टाकून दिलेले पाईप, लिव्हर आणि हँडल पाहावेत. प्रत्येक भाग नेमका कुठे वाकला किंवा तुटला, त्याची वहीत आकृती काढावी आणि शेजारी 'सरकला', 'वाकला' किंवा 'थकून तुटला' असे लिहावे. थकून तुटलेल्या भागाच्या तोंडावर बहुधा दोन वेगळे पट्टे दिसतात. एक गुळगुळीत, अनेकदा गंजून काळपट झालेला, म्हणजे भेग हळूहळू वाढत गेली तो भाग. दुसरा खरबरीत व चकचकीत, म्हणजे शेवटच्या क्षणी तुटला तो भाग. गुळगुळीत पट्टा जितका मोठा, तितके जास्त दिवस तो भाग तुटण्याच्या वाटेवर होता आणि तरीही गाडी चालत होती.